मंगल कार्यालयातली आइस हॉकी

सांगलीत बर्फ मिळतो तो रसवंतीत, गोळ्याच्या गाडीवर आणि मासळी बाजारात. त्याच्यावर उभं राहून खेळायचं असतं असं कुणी म्हणालं असतं, तर आम्ही त्याला आधी सावलीत बसवून पाणी दिलं असतं. तरीही सातारा-सांगलीच्या शाळकरी मुलींचा आइस हॉकीचा ज्युनिअर संघ आहे, थंडीत तो उत्तरेत जाऊन खेळून येतो, आणि तो घडला माझ्या मंगल कार्यालयात. पाहुण्यांना हे सांगताना मला मजा येते. ते हसतात, मीही हसते. पाहुणे गेले की मात्र मन खात राहतं. कारण मी सांगते त्या गोष्टीत एक मुलगी कधीच येत नाही.

कार्यालय सासऱ्यांनी बांधलं. ते गेल्यापासून मीच चालवते. माझा स्वभाव तापट आहे हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. आचारी, मांडववाला, बँडवाला आणि दोन्हीकडच्या आत्याबाई, या सगळ्यांना एका दिवसात आत घ्यायचं आणि वेळेत बाहेर काढायचं म्हणजे गोड बोलून भागत नाही. आवाज चढवायची सवय कामातून लागली आणि मग ती घरीही आली.

संघाला शिकवणारे हवालदार पहिल्यांदा आले ते एका लग्नाला, मुलाकडून. पंगती बसल्या तरी हा मिशाळ माणूस जेवायला न जाता स्टेजसमोर उकिडवा बसून फरशीवर तळहात फिरवत होता. कुणाच्या कानातलं पडलंय की काय, म्हणून मी जाऊन विचारलं. ते वर न बघताच म्हणाले, "मॅडम, फर्श लय झकास हाय. कुठं जोड म्हणून लागत न्हाई."

आमच्या फरशीचं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. लोक जेवतात, मठ्ठ्याला नावं ठेवतात आणि जातात. मी खूश झाले आणि चहा सांगितला. चहावर कळलं की ते औंधकडच्या एका गावचे, सगळी नोकरी पलटणीत गेली, त्यातली बरीचशी लडाखमध्ये. तिकडे हिवाळ्यात तळी गोठतात आणि जवान आणि तिथली पोरं त्यावर हॉकी खेळतात. हवालदारही तिथेच शिकले. पेन्शनीत आल्यावर साताऱ्यात एका शाळेच्या आवारात चाकाच्या स्केट्सवर मुलींना शिकवायला लागले. मुलीच का, तर मुलांना कुस्ती आहे, कबड्डी आहे, क्रिकेट आहे, मुलींकडं बघतो कोण, असं त्यांचं म्हणणं. पण आवाराचं सिमेंट उखडलेलं, पोरींचे गुडघे फुटलेले. त्यांना गुळगुळीत जमीन हवी होती आणि वर छप्पर. लग्न नसेल त्या रविवारी या, भाडंबिडं काही नको, असं मी तिथल्या तिथे सांगून टाकलं. तेव्हा माझ्या मनात खरोखर दुसरं काही नव्हतं.

मग वडापच्या, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या, एका जुन्या जीपमध्ये कोंबून साताऱ्याच्या पोरी यायला लागल्या आणि इकडच्या पोरी त्यांना मिळाल्या. संघाचं वेळापत्रक पंचांगावर ठरायचं. चातुर्मासात मुहूर्त कमी, तेव्हा सराव जोरात. तुळशीचं लग्न लागलं की गेटवर मांडव आणि पोरी बाहेर. पौषात पुन्हा हॉल मोकळा, आणि उत्तरेतल्या स्पर्धाही त्याच सुमाराला. हवालदारांच्या खिशात शिट्टीबरोबर छोटं पंचांग असायचं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सराव असला की आधी सगळ्या संघाने झाडू घेऊन अक्षता गोळा करायच्या. चाकाखाली तांदळाचा एक दाणा आला तरी चांगली धावणारी पोरगी आडवी होते. कितीही झाडलं तरी खुर्च्यांच्या खालून एखादा दाणा निघायचाच.

गोलकीपरचा प्रश्न वेगळा होता. बर्फावर गोलकीपर गुडघ्यावर बसून जाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरत जाते. फरशीवर पॅड चिकटतात, घसरता येत नाही. यावर हवालदारांनी उपाय काढला तो वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सचा. फ्लेक्स उलटा अंथरायचा, वर साबणाचं पाणी ओतायचं, झाला बर्फ. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत फ्लेक्सला तोटा नाही. नेतेमंडळी कशाला तरी उपयोगी पडली, असं हवालदार तोंड गंभीर ठेवून म्हणायचे.

माझी लेक तेव्हा आठवीत होती. तिचे पाय चाकांवर लटपटत, म्हणून हवालदारांनी तिला जाळीसमोर उभं केलं. तिथे पळावं लागत नाही. संघाची पहिली गोलकीपर ती अशी झाली. ती मन लावून शिकली, वाईट खेळत नव्हती. एकच गोष्ट होती. या खेळात चेंडू नसतो, एक जाड चकती असते, तिला पक म्हणतात. ती पक वेगाने अंगावर आली की माझ्या लेकीची मान आपोआप वळायची. डोळे मिटायचे, क्षणभरच. हवालदारांनी कागदाचे बोळे मारून तिची भीती घालवायचा प्रयत्न केला, पण मान वळायची ती वळायचीच.

पुढच्या वर्षी कवठे महांकाळहून एक मुलगी यायला लागली. वडील एसटीचे ड्रायव्हर. माझ्या लेकीपेक्षा वर्षाने मोठी. रविवारी पहिल्या गाडीने निघायची. मी किल्ल्या घेऊन जाईपर्यंत ती कार्यालयाच्या पायरीवर बसून डब्यातली पोळी खात असायची. मला बघितलं की डबा झाकून उभी राहायची, मी आधी खाऊन घे म्हणाले तरी. पहिल्याच दिवशी तिने क्रिकेटचे पॅड बांधले आणि जाळीसमोर उभी राहिली. हवालदारांनी पक मारली. तव्यावरची भाकरी आता उलटायची की नाही हे बघावं, तशी ती त्या पककडे बघत राहिली आणि वेळ आली तेव्हा हात पुढे केला. मला खेळातलं काही कळत नाही. पण हे कळायला खेळ कळावा लागत नव्हता.

स्पर्धेचा संघ ठरला तेव्हा पहिली गोलकीपर माझी लेक होती आणि कवठ्याची पोरगी राखीव. हवालदारांनी हे सांगितलं तेव्हा हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. हॉल यांचा, दिवे यांचे, पोरींना चहा-पोहे यांच्या घरचे, मग यांच्याच मुलीला बाकावर कसं बसवायचं? कुणी कुणाला हे विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. आमच्याकडे याला भीड म्हणतात. तिने माणसाची जीभ बांधली जाते आणि बांधणाऱ्याला हातही हलवावा लागत नाही. मी तिथेच चहाची किटली घेऊन उभी होते. मला सगळं समजलं आणि मला बरं वाटलं. लाज वाटते हे लिहायला, पण बरंच वाटलं. मी पोरींना चहा ओतत राहिले आणि कवठ्याच्या पोरीच्या कपात थोडा जास्त ओतला.

त्यानंतर काही महिन्यांनी कुणाच्या तरी स्टिकवरून पक उडाली आणि नवरीच्या खोलीतला मोठा आरसा फुटला. दुसऱ्या दिवशी लग्न होतं. मी जे काही बोलले ते आठवलं तरी अंगावर काटा येतो. पोरी रडल्या, मी गेटला कुलूप लावलं आणि सांगितलं की या खेळाचं थोबाड मला पुन्हा दाखवू नका. पुढचे सगळे रविवार हॉल रिकामा असूनही बंद राहिला. शेवटी हवालदार नवा आरसा जीपच्या टपावर बांधून घेऊन आले, स्वतः भिंतीला लावला आणि हात जोडून उभे राहिले. मी विरघळले, कुलूप काढलं, शिरा केला. माझ्या लेखी विषय संपला होता. माझा राग असाच आहे, येतो आणि जातो. ज्यांच्यावर येतो त्यांचं काय होतं, हे मी कधी बघितलं नव्हतं.

पहिल्या वर्षी बर्फावर गेलो तेव्हा पोरी उतरल्या तशा पडल्या. चाकांवर थांबायची रीत वेगळी, बर्फाच्या बुटाखालच्या पात्यावर थांबायची वेगळी. कुणाला थांबताच येईना, सगळ्या जाऊन भिंतीला धडकायच्या. एकीने बर्फाला जीभ लावून बघितली, एकीने घरी न्यायला म्हणून बाटलीत भरून घेतला. सामने सगळे हरलो. येताना गाडीत पोरी नाचत होत्या. मी संघाची मॅनेजर म्हणून बाकापाशी उभी असायचे. माझ्या शेजारी कवठ्याची पोरगी. बदली खेळाडू आत-बाहेर करताना बाकासमोरच्या कठड्याचं दार उघडायचं काम तिच्याकडे होतं. ते काम ती असं करायची की एकदाही उशीर झाला नाही.

दुसऱ्या वर्षी निघताना तिचे वडील मिरज स्टेशनवर आले. ड्युटी संपवून तसेच आले होते, खाकी कपड्यांत. त्यांनी माझ्या हातात बेदाण्याची मोठी पिशवी दिली. पोरींना वाटेत खायला, घरचाच माल आहे, भावाच्या शेडवरचा, असं काहीतरी म्हणाले. मग जरा बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, आमच्या पोरीकडं तेवढं ध्यान असू द्या. ती मागायची न्हाई."

मी हो म्हणाले. पुढे दोन दिवस गाडीत ते बेदाणे वाटले, मीही खाल्ले. चांगले होते, टपोरे. आणि त्याही वर्षी ती पोरगी स्पर्धाभर दार उघडत बसली. सामन्याआधी सरावाला जो थोडा वेळ बर्फ मिळतो, त्यातही जाळीसमोर पहिलीच गोलकीपर उभी राहते. म्हणजे एवढ्या लांब जाऊन तिचे पाय बर्फाला लागले ते केवळ कडेकडेने. मी काही बोलले नाही. मी मॅनेजर आहे, संघ निवडणं हवालदारांचं काम, आपण त्यांच्या कामात ढवळाढवळ करायची नाही. हे मी स्वतःला सांगितलं आणि शहाण्यासारखं मूग गिळून बसले.

यंदाच्या पौषात तिचं ज्युनिअरमधलं शेवटचं वर्ष होतं. तिला मिरजेला नर्सिंगला जायचं होतं, आणि मोठ्या मुलींचा संघ आमच्याकडे नाहीच. म्हणजे यंदा जाळीसमोर उभी राहिली तर राहिली, नाहीतर सगळे रविवार, सगळे फ्लेक्स आणि साबणाचं पाणी करून बर्फावर एकही सामना न खेळता ती निघून जाणार होती. हे तिला माहीत होतं, हवालदारांना माहीत होतं आणि मला तर पक्कं माहीत होतं. संघ ठरला. पहिली गोलकीपर माझी लेक. त्या दिवशी लेकीने घरी येऊन दप्तर असं आदळलं की मी विचारलं काय झालं. काही नाही, म्हणाली. मी म्हटलं, वयच तसं आहे.

पहिले दोन सामने मोठ्या फरकाने हरलो. लेकीची मान वळत होती आणि पक जाळीत जात होती. आमच्या गटात आता एकच सामना उरला होता. त्या सकाळी मी चहाचा थर्मास घेऊन कपडे बदलायच्या खोलीत गेले. गोलकीपरचे पॅड एवढे जाड असतात की मागचे पट्टे दुसऱ्या कुणीतरी बांधावे लागतात. माझी लेक बाकावर बसली होती आणि तिच्या पायाशी कवठ्याची पोरगी गुडघे टेकून तिचे पट्टे बांधत होती. घट्ट झालं का, असं विचारत होती. रुसवा नाही, फुगवा नाही. माझी लेक भिंतीकडे बघत होती.

मला ते बघवलं नाही. मी तशीच बाहेर आले आणि हवालदारांना गाठलं. ते कठड्याला टेकून बर्फाकडे बघत होते. मी म्हणाले, "आज त्या मुलीला उभं करा. माझी बसेल."

हवालदार कठड्यापासून सरळ झाले. मग हळूच म्हणाले, "मॅडम, तुमची लेक गेल्या साली बी हेच म्हणाली हुती. आन् औंदा बी. मीच न्हाई ऐकलं."

का, म्हणून मी विचारलं. आवाज चढला होताच. त्यांनी टोपी काढली, हातात फिरवली आणि म्हणाले, "हॉल गेला असता. बाकीच्या पोरींनी कुठं जायचं? तुमची लेकच म्हणाली, आईला सांगू नका म्हणून."

मी त्यांना विचारलं, तुम्हाला खरंच असं वाटलं की मी त्यासाठी हॉल बंद केला असता? त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर छे छे म्हणाला असता. पण ते फौजी, खोटं बोलायची सवय नाही. "व्हय," म्हणाले.

मला खूप राग आला. मी आयुष्यात ज्यांचं चांगलं केलं असं समजत होते ती सगळी माणसं, माझी पोटची पोरगीसुद्धा, इतके दिवस माझ्या भोवती जपून पावलं टाकत होती. मी चांगुलपणा करत होते आणि त्यांना तो धाक वाटत होता. आणि राग ओसरला तेव्हा त्याहून वाईट गोष्ट लक्षात आली. मी हॉल बंद केला नसता, असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येईना. आरशासाठी केला होता. लेकीसाठी केला नसता कशावरून?

मी एवढंच म्हणाले की आता नाही करणार, तिला उभं करा. हवालदारांनी मान हलवली आणि आत गेले. थोड्या वेळाने पोरी बाहेर आल्या तेव्हा पॅड कवठ्याच्या पोरीच्या पायांवर होते. माझी लेक तिच्या मागून येत होती, आणि कितीतरी महिन्यांनी तिचा चेहरा मोकळा दिसला. ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली, बाकाच्या दारावर हात ठेवून. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

मला वाटलं होतं की आता सगळं ठीक होईल. ती जाळीसमोर उभी राहील, एकही पक आत जाऊ देणार नाही, आम्ही जिंकू आणि माझ्या डोक्यावरचं ओझं उतरेल. माणूस किती स्वार्थी असतो बघा, प्रायश्चित्तसुद्धा दुसऱ्याच्या अंगावर घालतो.

तसं काही झालं नाही. पहिली पक आली, तिने ती नीट बघितली, मान जराही वळली नाही, आणि हात पुढे करायला ती गुडघ्यावर बसली तशी घसरत जाळीच्या पार बाहेर गेली. फ्लेक्सवर जेवढा जोर लावायची तेवढाच तिने बर्फावर लावला होता, आणि बर्फ फ्लेक्सपेक्षा फार निसरडा असतो. हे दोन सामने खेळलेल्या कुणालाही ठाऊक असतं. गोल झाला. मग दुसरा झाला, तोही तसाच. समोरच्या पोरींच्या ध्यानात आलं आणि त्या मुद्दाम एका बाजूने यायच्या, तिला बसायला लावायच्या आणि दुसऱ्या बाजूने मारायच्या. तिच्यात काही कमी नव्हतं. तिला फक्त बर्फ मिळाला नव्हता. तो दोन वर्षं माझ्या लेकीच्या पायाखाली होता, आणि तिथे तो कुणी ठेवला होता हे मला चांगलं माहीत होतं.

माझी लेक कठड्यावर वाकून ओरडत होती, कमी जोर लाव, टाचेने थांब, थोडी पुढे ये. शेवटच्या भागात खरंच फरक पडायला लागला. ती घसरायची ती बरोबर खांबापाशी थांबायची. एकदा तिने आडवं होऊन पक अडवली तेव्हा समोरच्या संघाच्या मॅडमनीही टाळ्या वाजवल्या. मग आणखी एक अडवली. तिसरी हातमोज्यात धरली आणि तिने ती पक उलटसुलट करून बघितली. मी घड्याळाकडे बघत होते. मला ते थांबवायचं होतं. आणि भोंगा वाजला.

आम्ही हरलो होतो. पोरी हात मिळवून एकेक करत बाहेर आल्या. कवठ्याची पोरगी सगळ्यांत शेवटी आली. माझ्या लेकीने दार उघडून धरलं आणि तिला मिठी मारली. तिने हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटलेले, चेहरा लाल, अंगातून वाफा निघत होत्या. मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते, माफी मागायची की नुसतं पाणी द्यायचं. तेवढ्यात तीच माझ्याकडे धावत आली. तिचे डोळे चमकत होते. माझे दोन्ही हात त्या ओल्या मोज्यांत धरून ती म्हणाली, "काकू, आत्ता कुठं जमाय लागलं हुतं."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती मनापासून खूश होती आणि ही खूशखबर तिला आधी मला सांगायची होती, कारण हॉल माझा होता.